प्राण्यांच्या शस्त्रक्रियेत भूल सांभाळणार कोण?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आमच्या साताऱ्यासारख्या शहरांतही पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांवर ‘येथे गॅसची भूल देण्याची सोय आहे’ अशी पाटी दिसू लागली आहे, आणि कुत्री-मांजरे पाळणारी माणसे ती वाचून निर्धास्त होतात असा माझा अनुभव आहे. मी तीस वर्षे सरकारी रुग्णालयात माणसांना भूल देण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर एक कुत्री व एक मांजर सांभाळते आहे, म्हणून या विषयावर दोन्ही बाजूंनी काही सांगावेसे वाटले. गॅसची भूल ही चांगली सोय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ती पाटी वाचून जो भरवसा वाटतो, तो एकट्या यंत्राच्या जोरावर पुरा होत नाही. त्यासाठी यंत्राशेजारी बसून फक्त भूल सांभाळणारे माणूस लागते, आणि मी आजवर पाहिलेल्या बहुतेक दवाखान्यांत नेमके तेच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नऊ वर्षांच्या कुत्रीने अचानक अन्न सोडले आणि ती वाडगेच्या वाडगे पाणी पिऊ लागली. सोनोग्राफीत गर्भाशयात पू साठल्याचे दिसले, तेव्हा त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणे भाग होते. ज्या दवाखान्यात आम्ही तिला नेले तेथील डॉक्टर तरुण, हुशार आणि हाताने सफाईदार होते, यंत्र नवे कोरे होते, आणि मीही वैद्यकीय व्यवसायातली असल्याने त्यांनी मला कोपऱ्यात उभे राहू दिले. शिरेतून इंजेक्शन देऊन तिला झोपवण्यात आले, श्वासनलिकेत नळी घातली, नळीभोवतीचा फुगा फुगवला आणि तो घट्ट बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी यंत्रावरची जादा गॅस बाहेर सोडणारी झडप बंद करून थैली दाबून पाहिली. इथपर्यंत सर्व काही शास्त्राला धरून होते. मग डॉक्टर हात धुवायला गेले आणि मदतनीस मुलाला बाहेरच्या खोलीतून हाक आली, कारण भूल सांभाळणे, फोन घेणे आणि रांगेतल्या पुढच्या मालकाचे नाव लिहून घेणे ही तिन्ही कामे त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती. झडप उघडायची राहून गेली.

यंत्राची रबरी थैली एरवी प्राण्याच्या श्वासागणिक थोडी आक्रसते आणि थोडी भरते. ती बघता बघता कलिंगडासारखी टम्म झाली आणि कुत्रीची छाती वर उचलली गेली ती खाली येईना. पाहुणीने पाहुणीसारखे उभे राहावे हा शिष्टाचार विसरून मी ‘व्हॉल्व्ह उघडा’ असे ओरडले, डॉक्टर ओल्या हातांनी धावले आणि हिस्स असा आवाज करीत थैली खाली बसली. या झडपेची गोष्ट साधी आहे. सिलिंडरमधून ऑक्सिजन सतत येत असतो, पण बाहेर जायची वाट बंद असते. त्यामुळे फुप्फुसांतला दाब वाढत जातो, त्या दाबाखाली हृदयाकडे परतणारे रक्त अडते, रक्तदाब कोसळतो आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर फुप्फुस फाटते. हे सर्व काही मिनिटांत घडू शकते. आमची कुत्री वाचली. हे पत्र लिहीत असताना ती टेबलाखाली घोरते आहे.

त्या मुलाला किंवा डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. उमेदवारीच्या काळात माझ्या हातूनही हीच चूक, माणसाच्या बाबतीत, झालेली आहे. फरक एवढाच की माझ्या शेजारी माझे वरिष्ठ उभे होते, त्यांना दुसरे कोणतेही काम नव्हते, आणि माझ्या ध्यानात येण्यापूर्वी त्यांचा हात झडपेपर्यंत पोचला होता. घरी परतल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. पण ज्या रोग्यावर हे बेतले होते त्याला मात्र त्याचा पत्ताही लागला नाही, कारण खोलीत भूल पाहण्यासाठी दोन मोकळे डोळे होते.

आता थोडे गॅसविषयी. पूर्वी हॅलोथेन वापरत असत, आज प्राण्यांच्या दवाखान्यांत बहुधा आयसोफ्लुरेन आणि काही ठिकाणी सेव्होफ्लुरेन असते. नावाने गॅस असले तरी बाटलीत ते द्रवरूप असतात आणि व्हेपोरायझर नावाच्या भांड्यातून जाणाऱ्या ऑक्सिजनमध्ये त्यांची वाफ मोजून मिसळली जाते. चिमटा काढल्यावर निम्मे प्राणी हालचाल करणार नाहीत, इतपत भूल येण्यासाठी आयसोफ्लुरेनचे प्रमाण कुत्र्यात सुमारे १.३ टक्के आणि मांजरात सुमारे १.६ टक्के लागते. हीच वाफ, व्हेपोरायझरचा लगाम नसताना, साध्या २० अंश तापमानाला बंद डब्यात ३० टक्क्यांच्या आसपास पोचू शकते, म्हणजे गरजेच्या सुमारे वीस पट. म्हणूनच लहान प्राण्याला डब्यात ठेवून आत औषधात भिजवलेला कापसाचा बोळा टाकण्याची पद्धत मला धडकी भरवते. प्रत्येक औषधाचे भांडे वेगळे असते आणि ओळखण्यासाठी त्याला रंग ठरलेला असतो, आयसोफ्लुरेनला जांभळा, सेव्होफ्लुरेनला पिवळा आणि हॅलोथेनला लाल; सेव्होफ्लुरेनच्या भांड्यात आयसोफ्लुरेन ओतले, तर वाफेचे प्रमाण ठरवणाऱ्या चाकीवरचा आकडा तोच राहतो आणि प्राण्याला मात्र कितीतरी जास्त औषध जाते.

गॅसचा मोठा गुण असा की औषध फुप्फुसातून आत जाते आणि बहुतांशी फुप्फुसातूनच बाहेर पडते. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यावर त्याचा फारसा भार पडत नाही, भूल क्षणाक्षणाला कमीजास्त करता येते, गॅस बंद केल्यावर प्राणी लवकर शुद्धीवर येतो आणि सर्व वेळ त्याला ऑक्सिजन मिळत राहतो. एकदा टोचलेले इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. चाकी मात्र मागे फिरवता येते. शिवाय गॅससाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि तीच कित्येकदा खरी राखण करते. दातांवरचे किटण काढताना तोंडात पाणी, रक्त आणि कचरा साठतो, तेव्हा तो फुप्फुसांत उतरू नये म्हणून नळीभोवतीचा फुगाच आडवा येतो. ‘दातच तर साफ करायचे आहेत, भूल कशाला?’ असे म्हणणाऱ्या मालकांनी हे ध्यानात घ्यावे. मांजराच्या बाबतीत मात्र तोच फुगा जास्त फुगवला तर श्वासनलिका फाटू शकते, आणि नळी यंत्रापासून न सोडवता मांजराला कुशीवरून कुशीवर वळवले तरी तेच होऊ शकते.

पण आयसोफ्लुरेन झोप आणतो, वेदना शमवत नाही. वेदनाशामक न देता केवळ गॅसवर शस्त्रक्रिया रेटली, की प्राणी हलू लागतो, मग चाकी वाढवली जाते, आणि गॅसचे प्रमाण वाढले की रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब घसरतो. सरासरी रक्तदाब ६० मिलिमीटरच्या खाली बराच वेळ राहिला तर म्हाताऱ्या मांजरांची आधीच थकलेली मूत्रपिंडे आणखी खचतात. म्हणून आधी शांत करणारे आणि वेदना मारणारे औषध, मग शिरेतून झोपेचे इंजेक्शन, मग नळी आणि मग गॅसची हलकी भूल असा मेळ घालणे हीच चांगली रीत होय. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील संशोधकांनी २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधील शंभरावर दवाखान्यांतील भूल दिलेल्या कुत्र्या-मांजरांच्या नोंदी पाहिल्या. त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. ज्या कुत्र्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त गॅसच दिला गेला होता, त्यांत मृत्यूचा धोका इंजेक्शनने झोपवून पुढे गॅसवर ठेवलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त आढळला. गॅस या शब्दावर विसंबणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो.

त्याच अभ्यासातले आणखी काही आकडे सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे या बाबतीत एकतर अकारण भीती असते किंवा अकारण बेफिकिरी. निरोगी कुत्र्यांपैकी सुमारे दोन हजारांत एक आणि निरोगी मांजरांपैकी सुमारे नऊशेंत एक भुलेच्या वेळी किंवा त्यानंतरच्या दोन दिवसांत भुलेमुळे दगावले. आजारी प्राण्यांत हेच प्रमाण शेकडा एकाच्या वर होते. सशांमध्ये तर एकंदर ७२ पैकी एक. आणि ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला ती अशी, की दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी आणि मांजरांपैकी निम्म्याहून बरीच जास्त शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावली, बहुतेक पहिल्या तीन तासांत. मांजरांमध्ये नाडी आणि ऑक्सिमीटर यांवर लक्ष ठेवले गेले असेल तर धोका कमी होता. धोका कमी करणारे जे सापडले ते असे लक्ष ठेवणे होते.

आमच्या शास्त्रावर कुत्र्या-मांजरांचे जुने ऋण आहे, हे या निमित्ताने नोंदवते. आजचा मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी या सर्जनने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मची चौकशी करणाऱ्या दोन समित्या भरवल्या. दुसऱ्या समितीचा खर्च निजामाने उचलला आणि लंडनहून औषधशास्त्राचे जाणकार लॉडर ब्रंटन यांना बोलावण्यात आले. शेकडो कुत्र्यांवर आणि इतर प्राण्यांवर प्रयोग करून समितीने निष्कर्ष काढला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो व हृदय नंतर, म्हणून श्वास तेवढा पाहावा, नाडीची काळजी करू नये. लॉरी यांच्या हाताखाली क्लोरोफॉर्म देणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी या जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात, त्यामुळे त्या इतिहासाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. पण निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय एकाएकी फडफडून थांबू शकते. श्वास आणि नाडी दोन्ही पाहावी लागतात, हे माणसांच्या भूलशास्त्राने इतक्या जनावरांच्या जिवावर शिकून घेतले. त्याच जनावरांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांची नाडी पाहायला कोणी नसावे, हे मला खटकते.

माणसांच्या शस्त्रक्रियागृहात चाकू धरणारा एक आणि भूल सांभाळणारा दुसरा, ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की रोग्याचे नातेवाईक आधी भूलतज्ज्ञ कोण आहेत असे विचारतात. प्राण्यांच्या बहुतेक दवाखान्यांत एकच डॉक्टर दोन्ही करतो. त्याची नजर पोटातल्या रक्तवाहिनीवर खिळलेली असते, आणि ती तशीच असायला हवी. अनेक देशांत अशा वेळी प्रशिक्षित पशुवैद्यकीय परिचारिका यंत्रापाशी बसते. आपल्याकडे पशुसंवर्धनाच्या पदविकेचे शिक्षण प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या यांच्या भोवती फिरते, त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात दहावी-बारावी झालेला, कामात चलाख, पण भुलेचे शिक्षण कोठेही न मिळालेला मुलगा किंवा मुलगी हीच मदत असते. त्यांच्या चलाखीवर किती प्राणी आजवर तरले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात ऑक्सिमीटर आमच्याकडे नव्हता. बोट नाडीवर, दुसरा हात थैलीवर आणि कानात छातीला चिकटवलेल्या स्टेथोस्कोपची नळी, अशा थाटात आम्ही तासन् तास बसत असू. कुत्र्याची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला चांगली लागते, आणि अन्ननलिकेत सरकवायचा साधा स्टेथोस्कोप तर फार स्वस्त मिळतो. महागडे मॉनिटर नाहीत म्हणून भूल पाहता येत नाही, ही सबब मला पटत नाही. कोरोनाच्या साथीनंतर ऑक्सिमीटर घराघरांत पोचला, पण त्याच्यावर किती विसंबायचे हे थोडक्यात सांगते. शुद्ध ऑक्सिजन घेणाऱ्या प्राण्याचा श्वास थांबला तरी ऑक्सिमीटरचा आकडा काही मिनिटे चांगलाच दिसत राहतो. तो उशिरा बोलतो. बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र नळी निसटली, अन्ननलिकेत गेली किंवा श्वास बंद पडला, तर लगेच सांगतो. त्याचा आकडा साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असावा. दवाखान्याला एकच मोठा खर्च परवडणार असेल, तर तो याच्यावर करावा असे मी सुचवीन.

यंत्राच्या बाबतीत काही गोष्टी आपल्या परिस्थितीशी निगडित आहेत. बरेच दवाखाने सिलिंडर भरून आणण्याची दगदग नको म्हणून हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेचे कॉन्सन्ट्रेटर वापरतात. वीज गेली की ते बंद पडते. तालुक्याच्या गावी वीज जाणे ही बातमी नव्हे, म्हणून भरलेला सिलिंडर जोडून तयार असणे आणि तो उघडण्याची चावी यंत्रालाच बांधलेली असणे आवश्यक आहे; ही चावी ऐन वेळी टेबलाच्या खणात शोधली जाताना मी पाहिली आहे. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा लाइम संपला की त्याचा रंग बदलतो, पण यंत्र रात्रभर बंद राहिले की तो रंग पुष्कळदा पूर्ववत दिसू लागतो आणि सकाळी पाहणाऱ्याची फसगत होते, म्हणून रंग शस्त्रक्रिया संपता संपता पाहावा. चार किलोच्या पिल्लाला मोठ्या कुत्र्याची गोलाकार नळ्यांची जोडणी लावू नये, एवढे पथ्यही कित्येक ठिकाणी पाळले जात नाही. खोलीत सांडणाऱ्या गॅसचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याची संस्था १९७७ पासून सांगत आली आहे, की अशा वाफांचे हवेतील प्रमाण दहा लाख भागांत २ भागांहून जास्त नसावे. खोलीत गोडसर वास येऊ लागला, म्हणजे ही मर्यादा केव्हाच ओलांडली गेलेली असते. मांजराला डब्यात कोंडून किंवा तोंडावर मास्क दाबून झोपवताना हा वास सर्वांत जास्त पसरतो, आणि दवाखान्यात काम करणारी एखादी गरोदर मुलगी तो दिवसभर घेत राहते. मांजरही त्या धडपडीत भेदरते आणि त्याच्या हृदयावर विनाकारण ताण येतो, तो भाग वेगळाच.

प्राण्यांच्या जातीचाही विचार करायला हवा. मोबाइलच्या जाहिरातीतून घरोघरी पोचलेला पग आणि त्याच्यासारखी चपट्या नाकाची कुत्री यांची श्वासाची वाट जन्मतःच अरुंद असते. त्यांना झोपवण्यापूर्वी काही मिनिटे ऑक्सिजन द्यावा लागतो, आणि नळी काढण्याची तर मुळीच घाई करता येत नाही. कुत्रा मान उचलून नळी चावू लागेपर्यंत ती राहू द्यावी, असे अनुभवी डॉक्टर सांगतात. याउलट आपल्या सोलापूर, लातूरकडच्या कारवानी कुत्र्यांसारख्या सडपातळ, चरबी नसलेल्या शिकारी जाती थायोपेंटोनसारख्या जुन्या इंजेक्शनातून फार सावकाश बाहेर येतात, त्यांना गॅस अधिक मानवतो. ससा ओकू शकत नाही, म्हणून त्याला माणसासारखे रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नसते, उलट त्याने त्याचे पोटच बिघडते. तरीही ‘काल रात्रीपासून काही दिले नाही’ असे अभिमानाने सांगणारे मालक भेटतात. उपाशी किती वेळ ठेवायचे हे वय, वजन आणि आजार पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या तासांबद्दल मात्र डॉक्टरांपेक्षा आम्हा मालकांना जास्त बोल लावावासा वाटतो. टाके पडले की आम्हाला घरी जायची घाई होते. रिक्षा उभी असते, मुलांची शाळा सुटायची असते, बाहेर रांग वाढलेली असते. प्राण्याने डोळे उघडले, मान हलवली, की तो शुद्धीवर आला असे आम्ही धरून चालतो. प्रत्यक्षात त्या वेळी त्याचे अंग गार पडलेले असते, कारण भुलेखाली शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही आणि पोट उघडे राहिल्याने ती आणखी उडून जाते. लहान मांजराचे तापमान तर पाहता पाहता दोन-तीन अंशांनी उतरते. गार पडलेल्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडते, कुडकुडण्याने ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नळी काढून घेतलेली असल्याने जीभ मागे पडली तर श्वास अडतो. आमच्या कुत्रीला घेऊन मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसले, अंगावर घोंगडी, कुशीला गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, आणि दर दहा मिनिटांनी हिरड्यांचा रंग पाहत. त्या वेळात तीन मालक आपापली कुत्री लटपटत्या पायांनी गाडीत घालून निघून गेले. त्यांना थांबा असे सांगायला कोणी मोकळे नव्हते, आणि मी सांगितले तेव्हा त्यांतील एकाने मला, मी दवाखान्यात कामाला आहे का, असे विचारले.

गॅस नाही म्हणून भूल वाईट, असेही मला म्हणायचे नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या शिबिरांत इंजेक्शनांवरच काम चालते, आणि जेथे हात सरावलेले, शस्त्रक्रिया थोडक्या वेळाची आणि नंतर कुत्री नजरेखाली ठेवण्याची व्यवस्था असते, तेथे ते पुष्कळसे सुखरूप पार पडते. कोणी पाहत नसलेल्या गॅसपेक्षा कोणीतरी पाहत असलेले इंजेक्शन मी केव्हाही पत्करीन.

तेव्हा शस्त्रक्रियेसाठी प्राणी नेणाऱ्यांनी ‘गॅस आहे ना?’ एवढेच विचारून थांबू नये, अशी माझी विनंती आहे. डॉक्टर शस्त्रक्रिया करीत असताना भूल कोण पाहणार, त्या व्यक्तीकडे त्या वेळात दुसरे काही काम असणार का, प्राणी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यापाशी कोण बसणार आणि आम्हाला तेथे किती वेळ थांबता येईल, हे मोकळेपणाने विचारावे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही. आणि या व्यवस्थेसाठी माणूस जास्त लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो, म्हणून बिल वाढले तर कुरकूर करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. गॅसचे पैसे देताना हात आखडता न घेणारे लोक पाहणाऱ्या माणसाचे पैसे द्यायला का कां-कूं करतात, हे कोडे मला उलगडलेले नाही.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो, त्यामुळे भुलेची जबाबदारी शेवटी त्याच्यावरच येते आणि ती योग्यच आहे. पण जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्याला जोडीला शिकलेले माणूस मिळावे, ही व्यवस्था पाहायला हवी. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने परळ, शिरवळ, नागपूर येथील आपल्या महाविद्यालयांतून लहान प्राण्यांच्या भुलेसाठी साहाय्यक तयार करणारा काही महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू करावा, म्हणजे आज दवाखान्यांत उमेदवारी करणाऱ्या मुला-मुलींनाच तो करता येईल. राज्य पशुवैद्यक परिषदेने प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर भुलेचा एका पानाचा तक्ता भरणे बंधनकारक करावे. त्यात दिलेली औषधे, दर पाच मिनिटांनी पाहिलेली नाडी, श्वास आणि ऑक्सिजन, शेवटचे तापमान, नळी काढल्याची वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव एवढे असले तरी पुरे. त्याची एक प्रत मालकाला द्यावी. पाच मिनिटांनी आकडा लिहायचा म्हटले की पाच मिनिटांनी पाहावे लागते, आणि पाहणाऱ्याचे नाव लिहायचे म्हटले की कोणाला तरी तेथे बसवावे लागते. माणसांच्या रुग्णालयांतही आमची शिस्त अशीच, कागदाच्या धाकाने आली, हे मी कबूल करते.

आमच्या कुत्रीच्या डॉक्टरांनी त्या प्रसंगानंतर महिनाभराने मला बोलावून घेतले होते. यंत्राच्या झडपेवर त्यांनी लाल चिकटपट्टी लावली होती, फोन बाहेरच्या खोलीत हलवला होता आणि शस्त्रक्रियेच्या दिवसांपुरती दुसरी एक मुलगी कामावर घेतली होती. तिला नाडी, हिरड्या आणि थैली कशी पाहायची हे शिकवण्यासाठी मी चार शनिवार तेथे गेले, आणि आम्ही तिघांनी मिळून मराठीत असा एक तक्ता तयार केला. सातारा परिसरातल्या कोणत्याही दवाखान्याला तो हवा असल्यास, किंवा आपल्या मदतनिसांना शिकवण्यासाठी कोणी बोलावल्यास, मी आनंदाने येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ,
सातारा